मोठीआईचे कान आणि माझी गिटार

दरवर्षी मोहाच्या फुलांचे दिवस आले की मी गिटारच्या तारा बदलतो. गरज असतेच असं नाही. जुन्या तारा अजून सहा महिने सहज चालल्या असत्या असं बायको म्हणते, आणि तिचं बरोबर असतं. पण नव्या तारांचा एक आवाज असतो, तो फार तर दोन दिवस टिकतो. मग बोटांचा घाम लागतो आणि तारा शहाण्यासुरत्या होतात. त्या दोन दिवसांत मात्र नुसती तार छेडली तरी खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. मी दार लावून घेतो आणि ऐकत बसतो. ऐकताना फार बरं वाटतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटते. गेली चौदा वर्षं हे असंच चालू आहे.

चंद्रपुरात राहून मोहाचे दिवस कळायला जंगलात जावं लागत नाही. मूल गावाकडून येणाऱ्या एसटीत चढलं की कुठल्या तरी पिशवीतून तो वास येतोच. गोड, थोडा आंबूस, नाकात शिरला की निघता निघत नाही. शेजारचे लोक पिशवीच्या मालकिणीकडे बघून हसतात आणि ती खिडकीबाहेर बघते. मीही खिडकीबाहेरच बघतो, पण माझं कारण वेगळं असतं.

तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. दिवाळीपासून शिकवण्या घेऊन जे साठलं होतं ते खिशात घालून मी गिटारच्या दुकानात गेलो. मला वाजवता येत होतं असं नाही. होस्टेलमधल्या एका मित्राच्या तडा गेलेल्या गिटारवर तीन कॉर्ड शिकलो होतो, त्यातली एक अजून बोटांना जमत नव्हती. दुकानदाराने भिंतीवरून एक काढून हातात दिली. मी फक्त सगळ्यात वरची जाड तार अंगठ्याने ओढून सोडली. पोटाला टेकलेलं लाकूड थरथरलं. आवाज कानात यायच्या आधी बरगड्यांत आला. दुकानदार काहीतरी सांगत होता, लाकूड कुठलं, तारा कुठल्या, आणि मी मुंडी हलवत होतो. मुलगी बघायला गेलेल्या पोराला तिच्या बापाचं बोलणं जितकं ऐकू येतं, तितकंच मला ऐकू येत होतं.

एसटीत ती काळी पिशवी मांडीवर उभी धरून बसलो. कंडक्टरने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“काय हाय बे त्याच्यात?”

“गिटार हाय, भाऊ.”

“वाजवता येते?”

“थोडी थोडी.”

“मंग वाजव मूलपर्यंत. तिकीट माफ नाई होत, पन लोकं जागे तं राह्यतीन.”

मी वाजवली नाही. कुणासमोर वाजवायची लाज वाटत होती. घरी आलो तर आई म्हणाली, “परीक्षा हाय का वरात?” आणि पुन्हा भात टाकायला आत गेली. तेवढ्यात मोठीआई आली.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आमची दोन घरं, मध्ये एकच अंगण. तिचे कान गावात प्रसिद्ध होते. शेजारच्या घरातलं दूध उतू जायच्या आधी ती आपल्या चुलीपाशी बसून ओरडायची, “दूध पाह्य व!” वानर ओरडलं तर ते कशाला ओरडलं हे ती सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. कुणाची तरी नवी सून माहेरी जायचं म्हणून रात्रभर रडली, हे सकाळी सगळ्यांत आधी मोठीआईला ठाऊक असायचं. बायका तिच्याजवळ येऊन अगदी ओठांतल्या ओठांत बोलायच्या. अर्धं गाव आपली गुपितं तिच्या कानात ठेवून निवांत झोपायचं.

ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “वाजव.” मी ती जाड तार सोडली. आवाज अंगणभर गेला, मग कमी होत होत मिटला. मी दुसरी तार छेडायला हात नेला तर तिने बोट वर केलं.

“थांब ना. अजून हाय.”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ती मात्र मान कलती करून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने बोट खाली केलं आणि म्हणाली, “आता गेला.” त्या दुपारी आम्ही सहाही तारांचं असं करून बघितलं. दरवेळी तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ ऐकू यायचं. माझ्या गिटारचा आवाज शेवटपर्यंत ऐकणारं पहिलं माणूस तीच.

अशा बाईला गाव आज बहिरी म्हणतं. ते माझ्या एका शब्दामुळे, आणि तो शब्द खोटा होता. इतकी वर्षं हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मोह रात्रभर गळतो. पहाटे बघितलं तर झाडाखाली फिकट पिवळी, रसरशीत फुलं पसरलेली असतात. ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं येतात, चितळं येतात, आणि अस्वल तर मोहाचं वेडंच. म्हणून आमच्याकडे वेचायला जाताना एक माणूस उभा ठेवतात. वेचणारे वाकलेले असतात, आणि वाकलेला माणूस जनावराला माणूस दिसत नाही, असं जुने लोक सांगतात. तेव्हा एकाने वाकायचंच नाही. झाडाला पाठ लावून, कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची, “होऽऽ”. वेचणाऱ्यांनी उलट “हो” म्हणायचं. जनावराला कळतं की इथे माणसं आहेत. आणि वेचणाऱ्याला कळतं की आपला उभा माणूस कुठे आहे. मग दुसऱ्या बाजूने पाला वाजला तर तो आपला नाही, एवढं धरून चालायचं.

आमच्यात उभे राहायचे ते मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचे यजमान. त्यांची हाक दोन शेतांपलीकडे जायची. त्या दिवशी ते एका लग्नाला गेले होते, म्हणून मला उभं केलं. पहाटे निघताना मी गिटार खांद्याला लावलेली बघून आईने कपाळाला हात लावला. मीच पुढे होऊन विचारलं, “मोठीआई, हाकेच्या जागी वाजवली तं चालन का?”

“चालन ना. आवाजाशी मतलब. पन थांबू नोको बापा. अन् मी बोलावलं तं ‘हो’ म्हन.”

त्या सकाळचं मी कुणाला सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पालापाचोळ्यावर दव होतं, वारा अजिबात नव्हता. फुलं गळायची थांबली नव्हती, मधूनच एखादं टप् करून पडायचं. मी मोहाच्या बुंध्याला टेकून ई मायनर कॉर्ड वाजवली. दुकानात, घराच्या अंगणात जो आवाज ऐकला होता तो काहीच नव्हता. इथे तो झाडांमधून जायचा आणि थोडा उशीर करून परत यायचा. मला वाटलं, ही गिटार इथल्यासाठीच केलेली आहे. आई डावीकडे नाल्याच्या काठाला होती, मोठीआई उजवीकडे बांधापलीकडच्या झाडाखाली. दोघींच्या टोपल्यांत फुलं पडत होती आणि मी वाजवत होतो. तेवढा आनंद मला नंतर कधी झाला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही, आणि हे बायकोला माहीत आहे.

मग तार उतरली. नव्या तारा ताणल्या जातात, लावलेला सूर धरत नाहीत, सारख्या खुंट्या पिळाव्या लागतात. मी बुंध्याशी खाली बसलो. उभं राहायचं सोडून बसलो, हे आधी सांगतो. गिटारच्या कडेला कान चिकटवला. लाकडाला कान लावला की अगदी हळू छेडलेली तारही आत मोठी ऐकू येते, बाहेर मात्र कुणाला काही कळत नाही. मी खुंटी पिळायचो, छेडायचो, ऐकायचो. परत थोडी पिळायचो. त्या पेटीच्या आत एक अख्खं घर असल्यासारखं होतं आणि मी दाराशी कान लावून बसलो होतो. बाहेर किती वेळ गेला हे मला ठाऊक नाही.

मोठीआईने दोनदा हाक मारली. पहिली मला ऐकू आलीच नाही. दुसरी आली. “पंकूऽऽ, तिकडंच हाय ना तू?” लांबून, बारीक. मला स्पष्ट आठवतं की मी मनात म्हटलं, एवढी तार लागू दे, मग ‘हो’ म्हणतो.

अस्वल मोहावर आलं होतं, तिच्यावर नव्हतं. दोघं एकाच झाडाखाली वाकून एकच काम करत होते. तिने पाला वाजताना ऐकला होता. मी जिथे असायला हवा होतो तिथून काही आवाज येईना, म्हणून तिला वाटलं की पंकूच चालत इकडे येतो आहे. ती “काटे हायेत, पाहून ये” असं म्हणत सरळ उभी राहिली, आणि अस्वलाने अंगावर झेप घेतली. मी कुऱ्हाड घेऊन पोचलो तोवर आई नाल्यावरून ओरडत धावत आली होती. आमच्या दोघांच्या ओरडण्याने ते गेलं. मोठीआईचा डावा खांदा आणि मानेची डावी बाजू पार फाटली होती. कानापर्यंत रक्त होतं. ती म्हणत होती, “मले वाटलं पंकू होय. मले वाटलं पंकू होय.”

आधी मूलला, मग चंद्रपूरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठेबाबा लग्नाच्या कपड्यांत आले. त्यांच्या सदऱ्यावर अक्षता चिकटलेल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं नाही, रागावले नाहीत. फक्त विचारलं, “हाका देऊन राह्यला होता ना, बाबू?”

मी म्हटलं, “हो.”

एवढंच. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आत जाऊन तिला सांगितलं, पोरगा हाका देत होता, तुला ऐकू आल्या नाहीत. तिच्या डाव्या कानावरून पट्टी होती म्हणून ते मोठ्याने बोलले. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, “असन बा.”

महिन्याभराने पट्टी सुटली. लोकांचं मोठ्याने बोलणं काही सुटलं नाही. जो तो तिच्याशी ओरडून बोलू लागला. आधी मायेने, मग सवयीने, मग थोडं वैतागूनसुद्धा. माणसाशी सगळं गाव ओरडून बोलायला लागलं तर माणूस किती दिवस आपल्या कानावर विश्वास ठेवेल? तिने थोडे दिवस ठेवला. मग दारात पाऊल वाजलं तरी ती पोराला विचारू लागली, “कोनी आलं का रे?” पाऊल ऐकूनच विचारत होती ना ती! पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी नजर वळवून आत जाऊन पाणी प्यायलो.

पुढच्या वर्षीपासून तिला मोहाला नेणं बंद झालं. बायका वेचून आणायच्या आणि ती अंगणात वाळत घातलेल्या फुलांपाशी काठी घेऊन बसायची, गुरं हाकलायला. गुपितं सांगायला येणाऱ्या बायकाही हळूहळू यायच्या थांबल्या. ओरडून सांगायचं ते गुपित कसलं? मुलाचं लग्न ठरलं ते तिला सगळ्यांत शेवटी कळलं. तीही मग फारसं काही विचारेनाशी झाली.

आणि मी वाजवत राहिलो. मला वाटलं होतं की मला गिटारची शिसारी येईल. यायला हवी होती. चार दिवस मी तिला हात लावला नाही. पाचव्या दिवशी परीक्षेच्या अभ्यासातून उठलो, ती पिशवीतून काढली, आणि तो आवाज तितकाच गोड होता. गिटारला काही माहीत नव्हतं. पुढे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवली, टाळ्या मिळाल्या. आता शनिवार-रविवारी मुलांना शिकवतो. सूर लावताना कान लाकडाला चिकटवू नका, हे मी त्यांना फार कडक शब्दांत सांगतो. ती बिचारी समजतात की हा काहीतरी शास्त्रातला नियम असेल.

सांगायचं किती वेळा ठरवलं, त्याची मोजदाद नाही. दिवाळीला ठरवलं. चुलतभावाच्या लग्नात तर तिच्या शेजारी जाऊन बसलो होतो, पण वाजंत्री सुरू झाली आणि मला बहाणा मिळाला. मोठेबाबा दोन वर्षांपूर्वी गेले. महिनाभर दवाखान्यात होते. मी भेटायला जायचो, पाय चेपायचो, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. पोरगा चांगला आहे, येतो-जातो, असं ते परिचारिकेला सांगायचे. ते माझ्यावर विश्वास ठेवूनच गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात चौदा वर्षं तेच पडलेलं आहे.

गेल्या आठवड्यात गावी गेलो. कारण काही विशेष नव्हतं. नव्या तारा लावल्या होत्या, पहिली तार छेडली, तिचा आवाज मिटत गेला आणि मिटल्यावरही मी बसून राहिलो. अजून आहे की गेला, हे सांगणारं कुणी खोलीत नव्हतं. उठलो आणि एसटी पकडली.

सकाळचे दहा वाजले असतील. मोठीआई अंगणात फुलांपाशी बसली होती. फुलं सुकून लालसर झाली होती. वहिनी, म्हणजे तिची सून, दारातून ओरडली, “आईऽऽ, पंकज भाऊजी आलेऽऽ!” शेजारची कुत्री भुंकायला लागली. मोठीआई म्हणाली, “पाह्यलं व.”

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तोंड उघडलं आणि चौदा वर्षांच्या सवयीने ओरडूनच बोललो, “मोठीआईऽऽ, त्या दिवशी मी हाका देत नव्हतोऽऽ!”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण ओलं लुगडं हातात धरून उभी राहिली. मोठीआईने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हळू बोल,” ती म्हणाली. “लोकं ऐकून राह्यले.”

मग मी तिच्या जवळ सरकलो आणि हळू बोललो. इतकं हळू की मलाच माझा आवाज नीट येत नव्हता. बसलो होतो ते सांगितलं. तारेचं सांगितलं. मोठेबाबांना ‘हो’ म्हटलं ते सांगितलं. ती काठीने फुलं सारखी करत होती. एकदाही “काय?” म्हणाली नाही.

“मी दोनदा आवाज देल्ला होता,” ती म्हणाली.

“हो.”

“आला होता तुले?”

“दुसरा आला होता.”

काठी थांबली. मला वाटलं, आता मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिने आपला डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. तो खांद्याच्या वर जात नाही. मी “माफ कर” म्हणालो. ते तिला ऐकू आलं असणारच. पण तिचं लक्ष त्याच्यात नव्हतं.

“तुहे मोठेबाबा,” ती म्हणाली, “शेवटल्या दिवशी दवाखान्यात होते. आवाज पार गेला होता त्याईचा. नुसते ओठ हालवत. मी उशाशी बसून होती. मले असं ऐकू आलं का ते म्हनून राह्यले, ‘मले घरी ने.’ दोनदा-तीनदा आलं. मी मनात म्हटलं, माह्या कानाचं काय खरं? पोराले विचारलं, बाबा काय म्हनते रे? तो म्हने, काईच नाई म्हनत, आई, तू निज.” तिने काठी बाजूला ठेवली. “मी निजली.”

आतून वहिनी दारात येऊन उभी होती. मोठीआई आता माझ्याशी बोलत नव्हती. तिचा आवाज अगदी लहान झाला होता, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

“म्हनजे ते म्हनले होते,” ती म्हणाली. “अन् मी नाई नेलं.”